एक पुंगळी रिकामी

कोल्डर क्रीक, मोंटाना
४ ऑगस्ट १९९७

प्रिय हार्लन,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र शेगडीत घातलं नसशील, तर पुढे वाच. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही तिकडे आयडाहोत बरा असशील असं धरून चालते. कंबर कशी आहे? त्या शिडीइतक्या उंच पलंगावर अजून झोपतोस, की शहाणा झालास?

मसूर काढणीला आलाय. जुलैत गारा झाल्या, पण आमच्या बांधापर्यंत येऊन परत फिरल्या. शेजारचं सगळं झोपलं आणि आमचं उभं राहिलं, त्यामुळे चर्चमध्ये लोक माझ्याशी जरा कमीच बोलतात. यंदा कंबाईन मी चालवते. ड्वेनच्या गुडघ्याला क्लच सोसत नाही म्हणे. बाकी तुझा भाऊ आहे तसाच आहे. रागावला की अजूनही कोठारातल्या खिळ्यांचे डबे लावत बसतो.

फोन केला नाही, कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि ड्वेनचे कान शाबूत आहेत.

आता कामाचं. यंदा ड्वेनला सोडतीत एल्क हरणाचा परवाना लागला. साधा नव्हे, डोंगराच्या उत्तर उतारावरचा, मोठ्या शिंगांच्या नराचा. तुम्ही दोघं पोरवयापासून दरवर्षी ज्याच्यासाठी अर्ज टाकत होता, तो. पत्र आलं तेव्हा त्याने ते माझ्या हातात देऊन मोठ्याने वाचायला लावलं, आणि मग पुन्हा एकदा वाचायला लावलं. ऑक्टोबरच्या अखेरीस मोसम सुरू होतो. तो जाणार तो तुमच्या वडिलांचीच रायफल घेऊन, हे तुला सांगायला नको. आणि त्या रायफलीची काडतुसं आता कुठल्याही दुकानात मिळत नाहीत, हेही नको. तू भरून दिलेल्या काडतुसांची शेवटची पेटी जवळजवळ संपली.

चार वर्षांपूर्वी एका नरावर दोघांनी एकदमच गोळी झाडलीत आणि तो कुणाच्या गोळीने पडला यावरून बोलणं टाकलंत. दोन म्हातारे घोडे! ते मी उकरून काढत नाही. आम्हाला काडतुसं भरून दे, असंही म्हणत नाही. दिलीस तरी तो त्यांना हात लावणार नाही आणि कोठारात खिळे लावत बसेल. म्हणून काडतुसं मी भरणार आहे. हसून घे.

मला एवढंच सांग, नवशिक्या माणसाने काय काय घ्यावं? पानभर जाहिराती बघितल्या आणि डोकं गरगरलं. काडतुसं भरायचं एक प्रेस एका वेळी एकच काम करतं, दुसरं गोल फिरून सगळी कामं करतं. बंदुकीची दारू तोलायचा काटा जुना, दांडीचा घ्यावा की बॅटरीचा? बॅटरीच्या काट्यात मोठे, उजेडाचे आकडे असतात का? अगदी मोठे, लांबूनही वाचता येतील असे? आणि नरसाळं आरपार दिसणारं मिळतं का? हे सगळं माझ्या सोयीसाठी विचारते आहे. माझं वय झालं.

उत्तर दे. पाकिटावर तुझं नाव घालू नकोस. पोस्टमन बडबड्या आहे.

तुझी वहिनी,
आर्डिस


३० ऑगस्ट

प्रिय हार्लन,

नमस्कार आणि आभार. चार वर्षांनी भावाच्या घरी लिहायचं आणि तेही कामाच्या चिठ्ठीच्या पाठीवर, चार ओळी! मी त्या पाठ केल्यात. ‘एका वेळी एकच काम करणारं प्रेस घे. काटा दांडीचा घे, बॅटरी दगा देते. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, दुसरा दिसता कामा नये. घाई झाली असेल त्या दिवशी भरायला बसू नकोस.’ तुझ्या कमरेबद्दल एक अक्षर नाही.

दुकानात गेले. ड्वेन बरोबर आला, पण पिकअपमधून उतरला नाही. आत जाऊन काय बघायचं, म्हणाला. गल्ल्यामागे तो लाल दाढीवाला होता. त्याने मला थेट त्या गोल फिरणाऱ्या यंत्रापाशी नेलं. ‘बाई, हे घ्या. दांडा मारत राहायचं, काडतुसं पडत राहतात. मका सोलल्यासारखी.’

‘मला एवढी नकोत. एक हरीण मारायचंय, युद्ध करायचं नाही,’ मी म्हटलं.

‘मग नवऱ्याला पाठवा की. त्याला कळेल काय हवं ते.’

‘नवरा बाहेर पिकअपमध्ये बसलाय. त्याला कॉफी नेऊन देतोस का? तोवर मी बघते.’

तो गेला, खरंच कॉफी घेऊन गेला. मी तेवढ्यात सगळं गोळा केलं. ओतीव लोखंडाचं एकदांडी प्रेस, आपल्या मापाच्या डाय म्हणजे साचे, दांडीचा काटा, आरपार दिसणारं नरसाळं, भोकं पाडलेला लाकडी ठोकळा, काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांची लांबी बघायची पट्टी आणि मापांचं जाड पुस्तक. दाढीवाला परत आला तेव्हा टोपल्यात डोकावला आणि म्हणाला, ‘हे कुणी सांगितलं? हे तर जुन्या माणसांचं सामान.’ मी म्हटलं, हो, जुना आणि हेकट. तुझा मान राखला, बघ.

हार्लन, आता मी तुला काय सांगू! तू ही कामं इतकी वर्षं करत होतास आणि कधी बोलला नाहीस. मी तेव्हा तुम्हाला सँडविच आणून द्यायचे आणि टेबलावरचं पितळ सरकवून ताट ठेवायचे. त्यात काय आहे हे कधी बघितलंच नाही.

काजळीने काळी झालेली, तोंडाशी वाकलेली, एकदा जळून गेलेली पुंगळी. ती अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात फिरवली की अशी निघते, की हातात धरून मी खिडकीपाशी गेले. दांडा खाली ओढला की आतल्या आत पितळ आवळलं जातं आणि जळताना फुगलेलं अंग पुन्हा मापात येतं. दांड्यातून ते हाताला कळतं. आधी नाही म्हणतं, मग हळूच हो म्हणतं. मी एकटीच हसले. तळाला बसणारी ती टोपी तर आपल्या मसुराच्या दाण्याएवढी! तेवढ्याशा दाण्यात ठिणगी असते आणि त्या ठिणगीवर वर्षभराचं मांस अवलंबून. ती बोटावर घेतली तेव्हा मी श्वास धरला होता. चर्चमध्ये धरते तसा.

ड्वेन आधी फिरकला नाही. दाराशी उभा राहून ‘घर उडवू नकोस’ एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आला. पुस्तक वाच म्हणाला, मी मोठ्याने वाचलं. प्रत्येक पान. आणि मग त्याने काय केलं, ते तुला सांगायचंच आहे.

जुन्या पुंगळ्या मी एकेक उजेडात धरून, फिरवून पाहिल्या होत्या आणि चांगल्या-वाईट असे दोन ढीग केले होते. त्याने कागदाची क्लिप उघडली, टोक जरासं वाकवलं आणि चांगल्या ढिगातली पुंगळी घेऊन ते आत घातलं. तळापासून वर ओढलं. एक बाजूला ठेवली, दुसरी ठेवली. तिसरीला थांबला. ‘ही नको.’ मी म्हटलं, ‘का? चांगली तर आहे.’ म्हणाला, ‘आत कडं पडलंय. फाटेल.’ मी घेऊन उजेडात बघितली, काहीच नाही. भिंगातून बघितली, काहीच नाही. त्याने माझ्या चांगल्या ढिगातून मूठभर काढून टाकल्या. मी हट्टाला पेटले. त्यातली एक पकडीत धरून करवतीने उभी कापली. आणि होतं, हार्लन! आतल्या अंगाला, तळाच्या जरा वर, एक बारीक चमकती रेघ. पितळ तिथे कागदाइतकं राहिलं होतं. माझ्या दोन्ही डोळ्यांना आणि भिंगाला जे दिसलं नाही, ते त्याच्या बोटाला तारेच्या टोकातून लागलं.

‘तुला कसं कळलं?’ मी विचारलं.

‘हार्लनने शिकवलंय,’ म्हणाला आणि उठून गेला. चार वर्षांत तुझं नाव या घरात पहिल्यांदा निघालं.

पहिली काडतुसं मीच झाडून पाहिली, गवताच्या गठ्ठ्यावर कागद लावून. सगळी भोकं जॅमच्या बरणीच्या झाकणाखाली झाकली गेली. मी झाकण ठेवून बघितलं, उचललं, परत ठेवलं. माझ्या हातचं! ड्वेन मागे उभा होता. ‘एकमेकींपासून किती लांब पडल्या?’ त्याने विचारलं. कागद समोर होता, हार्लन. गठ्ठा काही लांब नव्हता.

त्याने झाडून पाहिली नाहीत. मोसमाला झाडेन म्हणाला. एकटाच जाणार आहे म्हणतो, पहाटे उतारावर, त्याला तिथला झाडन् झाड पाठ आहे. मला ते आवडत नाही. का, ते मला अजून नीट लिहिता येत नाही. त्याला सवय नाही राहिली, असं समज.

तुझी,
आर्डिस

ता. क. कमरेबद्दल लिही. नाहीतर मी स्वतः येऊन तो पलंग कापीन.


२७ सप्टेंबर

प्रिय हार्लन,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. कंबर सुधारल्याचं वाचलं, पलंग बदलल्याचं वाचलं नाही. आणि तू सरळ विचारलंस, ‘आर्डिस, ड्वेनच्या डोळ्यांना काय झालंय?’ मोठ्या आकड्यांचा काटा मागितला तेव्हाच तुला शंका आली होती म्हणतोस. मग पहिल्या पत्रात का नाही विचारलंस, मेल्या? मला इतके दिवस हे मनात ठेवावं लागलं नसतं.

आता लिहिते.

मला वर्षभर माहीत होतं आणि माहीत नव्हतं. तो ताटातलं मांस सोडून बाजूचे बटाटे खायचा. वर्तमानपत्र उघडून बसायचा आणि पान उलटायचा नाही. मी विचारलं की गुडघा, झोप, जुना चष्मा. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण मोसम जवळ यायला लागला. जे दिसत नाही त्यावर हा माणूस गोळी झाडेल. झाडाआड दुसरा कुणी शिकारी असेल, कुणाचा मुलगा असेल.

तेव्हा मी एक गोष्ट केली. ती केल्यावर दोन दिवस मला त्याच्या ताटात वाढताना हात जड वाटत होता.

दारू भरली की गोळ्या बसवण्याआधी ठोकळ्यावर टॉर्च धरायची आणि प्रत्येक पुंगळीच्या तोंडात बघायचं, पातळी सारखी आहे ना. हे तुझंच. ते काम ड्वेनने मागून घेतलं होतं. त्या दिवशी मी दारू मोजून नरसाळ्याने एकेक पुंगळी भरत गेले, आणि मधली एक मुद्दाम रिकामी ठेवली. नरसाळं टेकवलं, उचललं, पुढे गेले. तो खिडकीपाशी कुत्रीचे कान खाजवत बसला होता. मग मी म्हटलं, ‘बघतोस?’

तो आला. टॉर्च पेटवली. ओणवा झाला. किती वेळ बघितलं त्याने! एवढं मनापासून त्याने लग्नात माझ्याकडे बघितलं नसेल. पिवळ्या दारूने भरलेली तोंडं उजेडात चमकत होती आणि मधोमध एक काळं भोक, मला टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होतं.

‘सगळ्या सारख्या,’ तो म्हणाला. ‘गोळ्या बसव.’

तो कॉफी घ्यायला गेला. मी गुपचूप ती पुंगळी भरली, डोळे पुसले आणि काम पुरं केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पॅनकेकवर पाक ओतत असताना तो म्हणाला, ‘ती एक पुंगळी. नरसाळं एकदा वाजलं नव्हतं.’

‘काय?’

‘दारू उतरताना सर्र वाजते. प्रत्येक वेळी. एकदा वाजली नाही. मग मी कॉफी घ्यायला गेलो, तेव्हा मागून वाजली.’

‘मग तेव्हा का बोलला नाहीस?’

‘आधी वाटलं, तू विसरलीस. मग म्हटलं, आर्डिस विसरत नाही. तपासते आहे. बोललो असतो तर ऐकलं म्हणावं लागलं असतं. दिसलं म्हणता आलं नसतं.’

‘आणि मी खरंच विसरले असते तर? गोळी बसवली असती, ती नळीत अडकली असती आणि पुढच्या बारात रायफल तुझ्या तोंडावर फुटली असती!’

‘मी कपाटापाशी उभाच होतो,’ तो म्हणाला. ‘ती वाजेपर्यंत कप भरला नाही मी.’

हार्लन, मी रागावले होते, घाबरले होते, पण सगळ्यात जास्त काय झाले सांगू? मी थक्क झाले. बंद खिडकी, कुत्रीचं धापणं, फ्रीजची घरघर, आणि त्यातून या माणसाने न झालेला आवाज ऐकला. मी टेबलावरून उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं. पाक सांडला. नंतर आम्ही दोघं रडलो का हसलो, ते आमच्याकडेच राहू दे.

डॉक्टरकडे जाऊन आलो. डोळ्याच्या मागच्या पडद्यात मधोमध काहीतरी झिजत चाललंय. मधलं दिसणं गेलं ते परत येणार नाही, कडेचं राहील. ड्वेनने विचारलं, ‘कडेचं म्हणजे?’ डॉक्टर म्हणाले, ‘कडेचं म्हणजे बराच मोठा भाग, साहेब.’ घरी येताना मी गाडी चालवत होते आणि तो बराच मोठा भाग बघत होता.

शिकारीचं त्याने स्वतःच काढलं. ‘दिसत नाही त्यावर मी बोट दाबणार नाही. तू ठोकळा लावायच्या आधीच ठरवलं होतं.’ मी म्हटलं, ‘मग मला का एवढं करायला लावलंस?’ म्हणाला, ‘तू खूश दिसत होतीस.’ सामान माझं, काडतुसं माझी. माझ्या साध्या परवान्यावर मादी मारून मी फ्रीजर भरीन.

गेल्या रविवारी चर्च चुकवून तो मला उत्तर उतारावर घेऊन गेला. उगवतीला पाठ करून आम्ही खडकावर बसलो. माजाचे दिवस, नर साद घालत होते. मला तो नुसता कल्लोळ वाटला, सगळीकडून येणारा. ड्वेनने डोळे मिटले. थोड्या वेळाने बोट उचललं. ‘दोन नर. लहान वर आहे, त्याला जवळ यायची हिंमत नाही. मोठा डावीकडे, कोरड्या ओढ्याच्या वर, जळक्या पाइनांच्या खाली. त्याच्यापाशी माद्या आहेत, फांद्या मोडतायत.’ मी दुर्बीण बोटाच्या रेषेत लावली. जळके पाइन, खाली धुकं. आणि धुक्यातून, हार्लन, शिंगं आधी आली. मग मान. तोंडातून वाफ. एवढा मोठा नर मी जन्मात बघितला नाही, तू आणि ड्वेन ज्यावरून भांडलात तोही याच्या खांद्याशी आला नसता. मागे माद्या होत्या, म्हणाला तशाच. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. देवाने ते जनावर तिथे ठेवलं होतं म्हणून की त्याला बघितल्यावाचून बोट दाखवणारा माणूस माझ्याशेजारी बसला होता म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

उतरताना तो म्हणाला, ‘तो जुना नर. दोन्ही गोळ्या हार्लननेच भरलेल्या होत्या. मारला त्यानेच.’ हे तुला कळवायला त्याने सांगितलं नाही. कळवू नकोस असंही म्हणाला नाही.

मग घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. पत्रं, तुझ्या चार ओळी, सगळं. तो उठून कोठारात गेला. मला वाटलं, झालं. पण परत आला तो तुझा जुना बिछाना खांद्यावर घेऊन. उन्हात टाकला आणि काठीने बडवत बसला.

तेव्हा ये. मोसम सुरू व्हायच्या आधी ये. परवाना वाया जाऊ दे, तुम्ही दोघं नुसते त्या खडकावर जाऊन बसा. तो ऐकेल, तू बघ.

फक्त एक गोष्ट, आणि ही नीट वाच. मे महिन्यात क्लाराआत्याच्या अंत्यविधीला तू गर्दीतून त्याच्यापर्यंत आलास आणि हात पुढे केलास. तो खिडकीकडे बघत राहिला. तू टोपी घातलीस आणि निघून गेलास. मी तुझ्या मागे बाहेरपर्यंत आले होते, पण तुझी गाडी सुटली होती. पिकअपमध्ये बसल्यावर ड्वेन म्हणाला, ‘किती वाळलाय तो. कॉलरमध्ये मान हलते त्याची. लवकर का गेला?’ खिडकीकडे तोंड करून उभा होता तो, मग त्याला तुझी कॉलर कशी दिसली, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

त्याला आता असंच बघावं लागतं. ज्याला बघायचंय त्याच्यावरून नजर बाजूला नेली, तरच तो माणूस त्याला दिसतो. हात दिसला नाही, तो मधोमध होता. तू दिसलास.

म्हणून आलास की त्याच्या समोरच बस. तो तुझ्याकडून तोंड फिरवेल. उठू नकोस.

तुझी, आणि सध्या या घरात दोघांचं मिळून बघणारी,
आर्डिस